उसन भरली

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात याला मोठा मान. धान रोवताना कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो आमच्या ओसरीवर पाठ करून बसायचा आणि मी त्याला तीन लाथा मारायच्या. शाळेतल्या गुरुजींनाही मी मारल्या आहेत, आणि त्या जरा मनापासूनच.

पुढे सैन्यात नर्सिंग असिस्टंट झालो. 'मले-तुले' म्हटलं की सोबतचे हसायचे, म्हणून बोली सोडली. लाथांचं तर कुणाला सांगितलंच नाही. शिकलेल्या माणसानं असलं काही सांगू नये, असा माझा तोरा.

शांतिसेनेत आमची तुकडी आफ्रिकेत होती, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी गाडी दरीत उलटून जखमी झालेला जवान आमच्या तंबूतल्या दवाखान्यात आणला. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. पाय वाचवायचा तर त्याला मोठ्या इस्पितळात पोचवणं भाग होतं. विमान धावपट्टीवर उभंच होतं, पण अंधार पडल्यावर तिथून उडता येत नसे. त्यामुळे सगळेच घाईत. मी बाजूला बसून त्याचे कागद भरत होतो.

जवान ग्लानीत एकच बडबडत होता. "उसन भरली... उसन भरली."

डॉक्टर मॅडम लखनौकडच्या. त्या वाकल्या. "किसने भर ली, बेटा? क्या भर ली?"

"उसन भरली."

"ड्रायव्हर की बात कर रहा होगा," शेजारी उभा असलेला सहायक म्हणाला. इंजेक्शनमुळे बरळतोय, असं ठरलं.

मला मात्र कळलं होतं. खरं सांगायचं तर हसूच आलं. इतक्या दूर आपल्याकडचं माणूस भेटलं, याचा आनंदही झाला. पण उसण म्हणजे लाथेनं जाणारं दुखणं. ज्याचा पाय जायची वेळ आलीय, त्याच्या उसणीचं काय घेऊन बसायचं? मी कागद भरत राहिलो. ही चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकललेली नाही.

स्ट्रेचर उचललं तेव्हा तो 'उसन'वरच अडला. 'भरली' म्हणायला श्वास पुरला नाही. मी पेन टाकून धावलो.

"भाऊ, कोन्या बाजूनं भरली?"

त्यानं डोळे उघडले. "डाव्या. श्वास घेतला का चमकते."

"काऊन सांगतलं नाई अगोदर?"

"सांगूनच तं राह्यलो... कवापासून."

मी मॅडमना अर्थ सांगितला. त्यांनी स्ट्रेचर खाली ठेवायला लावलं आणि छाती पुन्हा तपासली. आणलं तेव्हा ती ठीक होती. आता तुटलेली बरगडी फुप्फुसात रुतून डावीकडे हवा साठत होती. विमान वर गेलं की ही हवा फुगते. तो वाटेतच गेला असता.

मॅडम छातीत नळी घालत होत्या, मी त्याचा हात धरून होतो. तो पुटपुटला, "इथी कोनी पायाळू असता तं..."

"मी हाये," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कबूल केलं.

"मंग मारा ना."

"आता नाई. गावाले ये."

सूर्य टेकता टेकता विमान उडालं. पुढे कळलं, तो वाचला, पाय मात्र कापावा लागला. माझ्या कागदांच्या नादात गेलेल्या त्या दहा मिनिटांत विमान उडालं असतं तर पाय वाचला असता का, हे मी कुणाला विचारलं नाही. भीती वाटली.

गेल्या वर्षी तो आला. बसमधून उतरून, कृत्रिम पायावर आमच्या घरापर्यंत चालत. मी ती दहा मिनिटं त्याला सांगून टाकली. त्यानं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसला.

"माह्या तीन लाथा बाकी हायेत, भाऊ."

मी पाय उचलला खरा, पण लाथ काही मारवेना. नुसता तळवा त्याच्या डाव्या फासळ्यांवर ठेवला. तो श्वास घेत होता, आणि दर श्वासाला माझा पाय थोडा मागे ढकलला जात होता.