बातमीत घुसलेली गाणी

कारखान्यात तिला सगळे ‘शंकाबाई’ म्हणत. रेडिओचे क्षीण सिग्नल वाढवणारी, डबीत बसवलेली छोटी सर्किटं ती तयार करायची आणि एकेक डबी दहादा तपासल्याशिवाय हातावेगळी करायची नाही. पण धाकट्या दिराच्या मासेमारी बोटीसाठी घरीच डबी बनवली, तेव्हा तिनं घाई केली. तारेच्या गोल अँटेनातून येणारा पुसटसा आवाज एकाच ट्रान्झिस्टरनं असा काही खणखणीत केला, की बाई हुरळूनच गेली.

सकाळी बोट बंदराबाहेर पडताना दिराचा फोन आला. “वहिनी, तुझी डबी भारी आहे हं! हवामानाच्या बातम्या आणि गाणी एकदमच लागतात.”

“अरे, पण बातमी कळते का?”

“छे! बोलणारा गाण्याखाली बुडालाय,” तो हसला, आणि रेंज गेली.

बंदराला लागूनच दोन रेडिओ केंद्रांचे मनोरे होते. ते दोन दांडगे सिग्नल एकट्या ट्रान्झिस्टरला पेलवेनात. त्यांची सरमिसळ होऊन ती नेमकी बातम्या लागतात त्याच जागी उमटत होती. आवाज मोठा करायच्या नादात तो स्वच्छ राहतो का, हे तिनं बंदरावर जाऊन पाहिलंच नव्हतं.

दुपारी वारा फिरला. धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. “ताई, बातमी ऐकली असेल ना हो त्यांनी?”

खोटं बोलायला जीभ रेटेना. “नसेल गं.”

जाऊ पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. फोन लागत नव्हता. हातांना काम नसतं तर वेड लागलं असतं, म्हणून शंकाबाईनं सोल्डरिंगची सळई तापवली. एकाची चूक दुसऱ्यानं खोडावी असे दोन सारखे ट्रान्झिस्टर जोडले, करंट वाढवला. एक जोड दोनदा उखडावा लागला.

संध्याकाळी बोट आली, तेव्हा नवी डबी घेऊन ती जावेसोबत धक्क्यावर उभी होती. दीर नखशिखांत भिजलेला. “बाकीच्या बोटी वळल्या, म्हणून मीही वळलो. नाहीतर आज काही खरं नव्हतं.”

तिनं बोटीवर चढून जुनी डबी काढली, नवी बसवली.

“आवाज बारीक झाला की गं!” दीर हसला.

“असू दे. ऐक आधी.”

गाणी नव्हती. उद्याही समुद्र खवळलेला राहील, असं कोणीतरी शांतपणे सांगत होतं. दिराचं हसू मावळलं. तो उठला आणि बोटीला आणखी एक दोर बांधू लागला.