नोंद : झाडबेडूक आढळला नाही

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय. पांढरी साडी, उलटे पाय… काय एकेक थापा मारता, राव! मी ओतूरला राहतो, प्राणिशास्त्र शिकवतो. भूतबित काही नसतं — हे माझं आजही मत आहे.

गेल्या श्रावणात डिंगोरे गावाच्या पुढच्या एका पाणथळ जागेची पाहणी माझ्याकडे आली. तिथे पार्किंग करायचं होतं. दुर्मिळ झाडबेडूक सापडला तर जागा वाचणार, नाहीतर मुरूम पडणार… सगळं माझ्या सहीवर. हा बेडूक डोळ्यांपेक्षा कानानेच ओळखावा लागतो — टक्-टक्-टक्, फळीवर नख वाजवावं तसा. पाण्यावर झुकलेल्या पानांना त्याची फेसाची घरटी असतात. मला एकही दिसलं नाही.

संध्याकाळी तिथले मेंढपाळ धोंडीभाऊ मेंढरं घेऊन आले. चपला लांब काढल्या, कळप काठावर थोपवला आणि पाण्याकडे कान देऊन उभे राहिले.

"पाजत का नाही?" मी विचारलं.

"बेडूक बोलल्याबिगर आमी तोंड लावू देत न्हाई, सर. त्यो बोलला म्हंजी पाणी चांगलं."

काय हा अडाणीपणा, असं मनात म्हणत मी रेकॉर्डर चालू केला. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "आईकलं का, सर?"

"नाही."

त्यांनी मेंढरं पाण्यावर सोडली. नाटकी माणूस!

घरी हेडफोन लावून रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेखही काढला. वारा, मेंढरं, आमचं बोलणं. बेडूक नाही. 'आढळला नाही' लिहून सही ठोकली. एकाच फेरीत असं लिहू नये हे मीच पोरांना शिकवतो. पण दुसऱ्यांदा चिखल कोण तुडवणार?

दिवाळीआधी मुरूम पडला. त्यानंतर वर्गात 'बेडूक नसलेली जागा' म्हणून तीच फाइल लावली. तीच तारीख, तेवढीच मिनिटं.

टक्-टक्-टक्… अगदी माइकजवळ. पोरांनी वहीत प्रजातीचं नाव लिहिलंसुद्धा.

फाइलला कुणी हात लावलेला नाही. मी धोंडीभाऊंना गाठून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आमी त्याच दिशी आईकलं व्हतं, सर. लई जवळून बोलला."

हसा आता मला. मला मात्र लाज वाटते… ती फाइल कितीही वेळा लावली तरी आधी बेडूक बोलतो, मग धोंडीभाऊ विचारतात, आणि माझा तो माजोरडा आवाज उत्तर देतो — "नाही."