पहिला मान कोणत्या ब्रँचला?

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा हंगाम संपला की आमच्या सेंटरवर दोन गोष्टी साचलेल्या असतात : चुकलेले प्रिंटआउट आणि किस्से. प्रिंटआउट रद्दीवाला नेतो. किस्से कुणीच नेत नाही, म्हणून इथे सांगून टाकते.

सेंटर म्हणजे यवतला हायवेलगत, टायरच्या दुकानावरची, ॲडमिशनचे फॉर्म भरून देणारी एक खोली. खाली टायरमधली हवा सोडली की वर मी दचकते. ट्रकने हॉर्न दिला की दचकते. प्रिंटर आपोआप सुरू झाला तरी दचकते! सर, म्हणजे सेंटरचे मालक, म्हणतात, "मॅडम, तुम्ही आयटी इंजिनिअर, आणि प्रिंटरला घाबरता?"

प्रिंटरला नाही हो, मी पालकांना घाबरते. कॉम्प्युटर घेऊ, आयटी घेऊ का एआय, असं विचारून ते माझ्या तोंडाकडे असे बघतात, की जणू पोराचं अख्खं आयुष्य माझ्या जिभेवर टांगलंय.

०

प्राजक्ता केडगावजवळची. यंदाच्या गर्दीत आपल्याला काय हवंय हे पक्कं ठाऊक असलेली ही एकटीच.

"ताई, कॉम्प्युटर. न्हाईच मिळालं तर आयटी. तिसरं काय नको."

गावात थ्री-फेज लाइट कधी येणार ते सांगणारं ॲप तिने बनवलं होतं. लाइट त्या ॲपचं ऐकत नव्हती, तो भाग वेगळा. पण बनवलं होतं!

पहिल्यांदा ती आजोबांना घेऊन आली. आबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "ह्या कॉम्प्युटरात आन् आयटीत फरक काय वो?"

तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी सुरू झाले. हार्डवेअर झालं, नेटवर्क झालं, डेटाबेस झाला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी, हे सख्खे भाऊ का चुलत?"

"सख्खेच म्हणा, आबा."

"आन् ते डेटाचं?"

"ते धाकटं भावंड."

"एआय?"

"तेही त्याच घरातलं."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग एवढ्यात वाटण्या कशाला केल्या?"



०

दौंडकडचे एक बागायतदार आले होते. सोसायटीच्या निवडणुका लढवून लढवून त्यांचा आवाजच सभेचा झालेला. मुलासाठी त्यांना फक्त एआय हवं होतं. दुसरं काही टाकायचंच नाही!

मी भीतभीत म्हटलं, "काका, एआयमुळे नोकऱ्या जातील असंही लोक म्हणतात..."

"व्हय ना! म्हणून तर!" त्यांनी टेबलावर थाप मारली. मी दचकले. "सगळ्यांना पाडणारं पॅनल आधीच कळलं, तर माणसानं कुठल्या पॅनलला जावं?"

०

रूथबाई केडगावच्या एका शाळेत शिकवतात. त्यांच्या डॅनियलला कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांत ठरवता येईना. क्रम लावून झाला, मी फॉर्म पक्का करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक मिनिट. प्रार्थना करू."

सगळं सेंटर उठून उभं राहिलं. सरही! बाईंनी डॅनियलसाठी मागितलं, रांगेतल्या सगळ्या मुलांसाठी मागितलं, माझ्या नोकरीसाठी मागितलं. माझे डोळे भरून आले. उघडून बघते तर वेबसाइट लॉगआउट!

आता काय बोलतील, या धास्तीने मी बाईंकडे बघितलं. त्या शांतपणे बसल्या.

"परत करा लॉगिन. प्रार्थना तीच चालेल."

०

एक आई मुलाला घेऊन आली. मी सगळं समजावून सांगितलं. तिला पटलंही. जाता जाता तिने सहज विचारलं, "ताई, तुमची कुठली ब्रँच?"

"आयटी."

तिने माझी खुर्ची बघितली. कुरकुरणारा पंखा बघितला. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, आयटी खाली घे."

०

फॉर्म भरायच्या दिवशी प्राजक्ताबरोबर तिचे वडील आले, आप्पा. मी पहिल्या नंबरला कॉम्प्युटर टाकणार, तोच आप्पा म्हणाले, "थांबा ताई. पहिला मान मामाचा."

आमच्याकडे जावळ असो की साखरपुडा, पहिला फेटा मामाला. तो चुकला, तर मामा पुढची सगळी कार्यं तोंड फुगवून काढतो.

मामा शिरूरचे, रांजणगावला एमआयडीसीत कामाला. फोन स्पीकरवर लावला. मागे मशीनचा खडखडाट.

"दाजी, इन्स्ट्रुमेंटेशन टाका! आमच्या कंपनीत त्या साहेबाला एसी केबिन हाय!"

आप्पांनी पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या नावाच्या कॉलेजचं इन्स्ट्रुमेंटेशन एक नंबरला टाकायला सांगितलं. प्राजक्ताचा चेहरा उतरला.

"आप्पा, नको ना."

"अगं, नुसतं नावाला!"

मी म्हटलं, "आप्पा, पहिली पसंती मिळाली तर ती गोठते. मग तीच घ्यावी लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद."

"मिळतंय कुठं, ताई! एवढं मोठं कॉलेज! मामाचा मान ऱ्हातोय, आन् पोरीला दोन नंबरचं कॉम्प्युटर."

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "गेल्या वर्षी तिथला कटऑफ बराच वर होता. नाही मिळायचं."

मी सबमिट दाबलं. खाली कुणीतरी हवा सोडली.

पहिल्या फेरीत इन्स्ट्रुमेंटेशन मिळालं.

संध्याकाळी सगळे सेंटरवर. आप्पा भिंतीकडे बघत बसलेले. प्राजक्ता बाकाच्या टोकाला. तेवढ्यात कंपनीच्या युनिफॉर्मवरच मामा जिना चढून आले. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"एक नंबरचं मिळालं म्हणं! घ्या, घ्या!"

कुणी हात पुढे केला नाही.

आप्पा म्हणाले, "तिला कॉम्प्युटर पाहिजे होतं. तुमचा शब्द म्हणून ते वर टाकलं."

मामांनी बॉक्सचं झाकण हळूच लावलं.

"अवो दाजी, तुम्ही मानानं विचारलं, म्हणून बोललो! विचारल्यावर काय न्हाई म्हणायचं का? मला त्यातलं काय कळतंय? मी पॅकिंगला हाय!"

सरांनी उगाच माउस हलवला.

मग प्राजक्ता उठली. मामांच्या हातातला बॉक्स उघडून तिने एक पेढा उचलला.

"मामा, तुमच्या पिंकीची बारावी पुढच्या वर्षी ना?"

"व्हय. का गं?"

"तिचा पहिला नंबर मला विचारून टाका."