चिपवरचा मळका कागद

आमच्या ह्यांना बाजारात सगळे चिपवाले म्हणतात. यंत्र अडलं की लोक त्यातली चिप काढून आणतात. हे ती सॉकेटात बसवतात, तिच्यातलं सगळं कॉम्प्युटरवर वाचून घेतात आणि नव्या चिपमध्ये भरतात. दोनदा वाचायचं, दोन्ही जुळलं तरच पुढे जायचं. तीस वर्षं हेच चाललंय. आता डोळे चुरचुरतात, मान आखडते, आणि घरी आल्यावर बोलायचंसुद्धा जिवावर येतं.

वन्संचं पोट स्वेटर विणायच्या यंत्रावर. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला कधीच टाळं लागलेलं, त्यामुळे यंत्राचा प्रोग्राम त्या एका चिपमध्येच उरलेला. यंत्र अधूनमधून अडायला लागलं, तशी उन्हाळ्यात काम नसताना त्यांनी चिप आणून दिली.

"दादा, हिची नक्कल तेवढी काढून ठेव रे."

"बघतो," म्हणत ह्यांनी ती घरच्या खिडकीत ठेवली. गिऱ्हाइकांना तारीख मिळते, बहिणीला 'बघतो'.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी पुसायला घेतली. चिपवर कडा सुटलेला मळका कागद होता, तो खरवडून काढला. खाली इवलीशी काच निघाली. पुसून तिथेच उन्हात ठेवली. स्वच्छतेची हौस दांडगी ना माझी!

तीन आठवड्यांनी ह्यांना मुहूर्त सापडला. दोनदा वाचलं, जुळेना.

"हिच्यावरचा कागद?"

"मळका होता. काढला."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, काचेवर ऊन पडत राहिलं की आतलं पुसलं जातं. कागद त्यासाठीच असतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पुसट उरलेलं काही हाती लागतंय का, म्हणून आठ दिवस व्होल्टेज कमी करकरून वाचत बसले. दर खेपेला वेगळंच काहीतरी निघे.

रविवारी वन्सं आल्या.

"माझ्या हातून गेली गं," हे म्हणाले. "उन्हात राहिली."

"दादा, थंडीच्या ऑर्डरी घेऊन बसलेय मी." एवढंच बोलून त्या उठल्या.

"खोटं कशाला बोललात?" त्या गेल्यावर मी विचारलं.

"खोटं कुठलं? तीन आठवडे मीच ठेवली ना." ह्यांनी डोळे मिटले. "आणि तीस वर्षांत तुला कधी सांगितलं नाही, कागद कशाला असतो ते."

मीही कधी विचारलं नव्हतं. फार लाज वाटली. तशीच अनवाणी जिना उतरले आणि वन्संना हाक मारली.

"थांबा, वन्सं. तो कागद मी काढला."