बर्फातल्या पोराची बंडी

चंद्रीचा फुकटच्या गोष्टीवर विश्वास नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. बदलापूरच्या पलीकडे बारवी नदीच्या अंगाला तिची वाडी. तिथे सरकारची मोटार यायची आणि दोन झाडांना पडदा बांधून सिनेमा दाखवायची. एकदा डास दाखवला, केवढा तर बैलाएवढा, आणि सिनेमा संपल्यावर साहेब म्हणाले, आता घरोघर औषध मारू द्या. नंतर कधीतरी देवी आलेलं मूल दाखवलं, आणि लगेच सगळ्यांना लस टोचायला दंड पुढे करायला लावले. फुकटचा सिनेमा म्हणजे आधी खरं दुःख दाखवायचं आणि मग आपल्याकडे काहीतरी मागायचं, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं.

चंद्री दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर बेल आणि पत्रावळी विकायला बसे. मंदिराजवळच विष्णुपंतांचा बंगला होता. विष्णुपंत कारखान्यातले निवृत्त अधिकारी. जन्मभर जमवलेली चित्रं आणि मूर्ती मांडून त्यांनी बंगल्याच्या पुढच्या भागात कलासंग्रहालय काढलं होतं. बघायला कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी मुंबईतल्या परदेशी वकिलातींतून रिळं आणून सोमवारी दुपारी फुकट सिनेमे सुरू केले. खिडक्यांना काळी कापडं, समोर चादर. उन्हानं हैराण झालेली माणसं सावलीसाठी आत शिरत आणि निम्मी तिथंच घोरू लागत. सुरुवातीला विष्णुपंत उभं राहून समजावून सांगत. त्यांचं मराठी इतकं उंची की चंद्रीला त्यापेक्षा सिनेमातली माणसं परवडत.

पाटी रिकामी झाली की तीही मागे जाऊन बसे. गोरी माणसं भांडत, रडत, आगगाडीत चढत. संपलं की ती वाट बघे, आता काय मागतात? पण विष्णुपंत नुसतं "धन्यवाद" म्हणत आणि खिडक्या उघडत. काहीच मागत नाही म्हणजे काय? दारातून निघताना तिच्या डोक्यात नुसता गुंता होई.

मग एका सोमवारी चादरीवर एक पोर आलं. पाचसहा वर्षांचं, एक कान बाहेर आलेला. त्याची आई खाटेवर मेली. शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं आणि पोर रस्त्यावर उभं राहिलं. वरून पांढरं पांढरं पडत होतं. विष्णुपंत म्हणाले, ते बर्फ. बर्फ चंद्रीला माहीत होतं. उल्हासनगरच्या कॅम्पात सरबतवाल्याकडे लाकडाच्या भुशात लादी ठेवलेली असे, तिला एकदा हात लावला तर बोटं बधिर झाली होती. आणि हे पोर त्यात अनवाणी उभं! चंद्रीला रडू आवरेना. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. नवससायास सगळे करून झाले होते, आणि आता त्याबद्दल तिला कुणी विचारतही नसे.

चादर पांढरी झाली, विष्णुपंत "धन्यवाद" म्हणाले. ह्या खेपेला मात्र चंद्रीला उमगलं, किंवा उमगलं असं वाटलं.

कॅम्प दोनमधली रुकीबाई तिची जुनी गिऱ्हाईक. फाळणीनंतर सिंधी लोक आले तेव्हापासून चंद्री तिला सरपण पुरवत होती. रुकीबाईचा मुलगा तिचा नव्हता, हे साऱ्या कॅम्पाला माहीत होतं. "अरी, बोट में इसको सबके सामने बिठाया," इकडे येतानाची गोष्ट ती सांगे. "साहब ने पूछा, इसकी माँ मर गयी, कोई लेगा? सब चुप. मैंने हाथ ऊपर किया."

म्हणजे मागणं हेच होतं! विष्णुपंत मोठे माणूस, तोंडानं म्हणणार नाहीत. हात आपणच वर करायचा.

तिचा नवरा वाळू ऐकून बघतच राहिला. "त्या पोराची भाषा कुनाला कळंल?"

"रुकीबाईची तरी मला कवा कळत व्हती? आता भांडतो बी आमी."

वाळूला हसू आलं, पण तो हो म्हणेना. तेवढ्यात भाताची कापणी आली, मग झोडणी आली. सोमवारमागून सोमवार गेले. चंद्रीचा जीव टांगणीला लागला होता. भात कणगीत पडलं तेव्हा वाळूनं आपणहून आपली घोंगडी तिच्यापुढे टाकली. "काप. थंडीचा हाय ना तो." तिनं ती कापून छोटीशी बंडी शिवली, पोर वाढेल म्हणून जरा सैलच.

पुढच्या सोमवारी ती गेली तेव्हा विष्णुपंत सिनेमाचं मशीन पुसत होते. चंद्रीनं बंडी पुढे धरली. "भाऊसाहेब, त्यो बर्फातला पोरगा आमी घेतो. धनी बी हो म्हनलाय."

त्यांना कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं भलेपण. "अगं, ते खोटं असतं. नाटक. तमाशात राजा मरतो, तो खरा मरतो का?"

"मंग त्याची आई?"

"ती उठून घरी गेली असेल."

"आन् डास? त्यो बी खोटा?"

"डास खरा," विष्णुपंत म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्याच ध्यानात आलं. ते पुष्कळ बोलले. चंद्री मान डोलावत होती. मेलेली आई उठली, हे चांगलंच झालं. पण मग आपण रडलो ते कुणाच्या नावानं? बंडी तिनं पाटीत तळाशी ठेवली.

ती तरीही सोमवारी जात राहिली. आणि उन्हाळा लागता लागता एका सिनेमात तोच कान दिसला! तेच पोर, थोडं उंच झालेलं. अंगात लोकरीचा कोट, पायात बूट, टेबलावर खायला हे एवढं. एक बाई त्याचे केस विंचरत होती. खाटेवर मेलेली ती नव्हेच, ही दुसरी. पोर तिला बिलगलं आणि हसलं.

चंद्री अंधारात उभी राहिली. मागचे लोक ओरडले, तरी बसली नाही.

विष्णुपंतांनी खिडक्या उघडल्या तेव्हा ती त्यांच्यासमोर आली. चेहऱ्यावर आनंद होता की दुसरं काही, ते त्यांना ठरवता येईना.

"घेतला, नव्हं?" ती म्हणाली. "त्या बाईनं हात वर केला."

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. नट, निर्माता, दुसरं कथानक, सगळं ओठांवर आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "घेतला."

"चांगली हाय बाई. केस हळू विंचरीत व्हती." तिनं पाटीच्या तळातून बंडी काढली आणि खुर्चीवर ठेवली. "ही धाडा तिकडं. कोट धुतला तर घालायला दुसरं लागतंच." मग दारापाशी थांबून ती म्हणाली, "आमीच उशीर केला, भाऊसाहेब. कापनी मधी आली."