रातपाळीची झोप

कलाशाळेत शेवटच्या वर्षाला असताना, आधुनिक चित्र म्हणजे परदेशी मासिकं बघून त्रिकोण काढायचे, अशी माझी ठाम समजूत होती. सरांनी एक दिवस माझे त्रिकोण बाजूला सारले आणि राहतोस तिथलं काहीतरी काढून आण म्हणून बजावलं. मला रागच आला. काढण्याजोगं होतं काय? डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या कोकणातल्या गावकऱ्यांची एक खोली होती. तिच्यात अठरा गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपत, आणि कोपऱ्यात मी. दिवसा बघावं तर रातपाळीवाले उजेड नको म्हणून डोक्यावरून चादरी ओढून ओळीनं पडलेले.

शेवटी तेच काढलं. मोठ्या कागदावर पांढऱ्या चादरींची सरळ रांग, तोंड कुणाचंच नाही. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि आमच्यातला एकजण परत आला नाही. दिवसकार्य उरकल्यावर कुणीतरी माझा कागद उलगडला. चादरींखाली सगळ्यांना प्रेतंच दिसली. खरं सांगायचं तर मलाही. खोलीतल्या सर्वांत वडीलधाऱ्यांनी फाडून टाक म्हणून सांगितलं. परीक्षा तोंडावर होती आणि दाखवायला दुसरं काही नव्हतं. पण त्यांच्या ताटात जेवून नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

गेलेल्याचा थोरला भाऊ त्याच्याच शेजारी झोपत असे. मी फाडायला निघालो तसा त्यानं कागद हातातून काढून घेतला आणि भाऊ यात कुठं आहे ते विचारलं. मी तिसरी चादर दाखवली.

"मगे चुकलंस तू," तो म्हणाला. "तो असो सरळ कधी झोपलो? त्याचो पाय माझ्या अंगावर असायचो. रोज ढकलूक लागायचो."

मी तिथंच बसून तिसऱ्या चादरीतून पाय बाहेर काढला आणि चौथीवर टाकला. मग एकानं आपण गुडघे पोटाशी घेऊन झोपतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याला उशाला हात घ्यायची सवय होती. संध्याकाळपर्यंत सगळी रांग अस्ताव्यस्त झाली आणि गोळीबारानंतर खोलीत कुणीतरी पहिल्यांदाच हसलं.

सरांनी चित्र पाहून नुसती मान डोलावली. मला तेवढं पुरलं. पुढं त्याच चित्रानं मला नाव मिळवून दिलं. सही माझी आहे, पण माणूस बघायला मला त्या भावानं शिकवलं, आणि तेही स्वतःचं दुःख ताजं असताना. हे ऋण मी मिरवतो.

परीक्षा संपली त्या दिवशी त्यानं माझी वळकटी कोपऱ्यातून उचलली आणि आपल्याशेजारच्या रिकाम्या जागेत पसरली. मी अवघडून, अंग चोरून पडलो. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाय टाकलंस तरी चलात."