छातीशी धरलेला लॅपटॉप

जॉबरमामांनी मला थोबाडीत मारली ती भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत. जॉबर म्हणून जन्मभर यंत्रमाग दुरुस्त केलेल्या माणसाचा हात तो. दिवसभर कान वाजत राहिला. लॅपटॉप पारखून घ्यायला मीच त्यांना सोबत नेलं होतं. माझी चूक एवढीच की, त्यांनी तपासलेला लॅपटॉप बाजूला सारून मी त्याच मॉडेलचा दुसरा, जरा बऱ्या रंगाचा उचलला आणि म्हणाले, "हाच द्या."

"मॉडेल एक असलं म्हनून आतलं एक असतंय व्हय?" मामा ओरडले. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला पेनड्राइव्ह असायचा. त्यात संगणक चालवणारी मुक्त प्रणाली भरलेली, कुणीही वापरावी, हवी तशी बदलावी अशी. तो लावल्यावर माझा देखणा लॅपटॉप सुरू झाला, पण त्याला वायफाय काही सापडेना. आत वायफायचा भाग भलत्याच कंपनीचा निघाला, त्या प्रणालीशी न जुळणारा. मामांनी माफी मागितली नाही. माझाही राग गेला नव्हता, पण लॅपटॉप मी त्यांच्या पसंतीचाच घेतला.

माग बंद पडल्यावर साठीच्या घरात हा माणूस संगणक दुरुस्ती शिकला होता आणि त्याचंच छोटं दुकान चालवत होता. कुणासाठी लॅपटॉप घ्यायला गेले, की आवाज, कॅमेरा, वायफाय बघून झाल्यावर मामा झाकण मिटून चहा मागवायचे. चहा संपल्यावर उघडायचं. "झोपून उटला पायजे. न्हाय उटला तर मढं हाय ते." एका विक्रेत्याने पेनड्राइव्ह लावू दिला नाही, तेव्हा मामांनी टाय धरून त्याला काउंटरवरून अर्धा अलीकडे ओढला होता. मालक पोलिसांना फोन करत असताना मामा शांतपणे कॅमेरा तपासत होते. सोलापुरातली निम्मी दुकानं त्यांना दारातूनच परत पाठवायची.

मी घरी बसून चादरींची डिझाइनं काढते. लॅपटॉपला पासवर्ड घालताना मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मला बी कळाय नको. मशीन तुजं, चावी तुजी." माझं म्हणावं असं त्या घरात तेवढंच होतं. नवरा मला मारायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे पंख्यात कापसाची तूस अडकली म्हणून लॅपटॉप मामांच्या दुकानात ठेवला. नवऱ्याला पासवर्डमुळे तो उघडता येत नव्हता, त्याचा संशय आधीच भडकलेला. तो दुकानाकडे निघालाय हे कळताच मी धावत सुटले. पोचले तेव्हा तो गरजत होता, "उघड बे म्हाताऱ्या!"

"तिला इचार. मला चावी ठाव न्हाय."

नवऱ्याने टेबलावरचा हातोडा उचलला. मामांनी त्याला फोडून काढावं असं मला मनापासून वाटत होतं. पण मामांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी आवळला होता, आणि मारायचं तर तो सोडावा लागणार होता. त्यांनी सोडला नाही. हातोडा बोटांवर बसला. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने नवऱ्याला मागून धरून खाली पाडला आणि मी नवऱ्याच्या हातोडा धरलेल्या मनगटाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली. दुकान बंद करून ते तेलंगणात लेकीकडे राहायला निघाले. मी त्यांना बसवर सोडायला गेले. रडू आवरत नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

"मामा, त्या लॅपटॉपमध्ये माझ्या अंगावरच्या वळांचे फोटो होते. प्रत्येक वेळचे. त्याच्या हाती लागले असते तर..."

मामांनी प्लास्टरमधला हात वर करून मला थांबवलं.

"मला कशाला सांगतीस गं अम्मा? कोर्टाला दाखीव."

मी दाखवले.